अंतराळ केंद्र नीट बघायचं असेल तर

बहुतेक लोक अंतराळ विज्ञान केंद्रात जातात ते साधारण असंच बघतात, आत शिरलं की पहिल्या मोठ्या रॉकेटसमोर फोटो, मग जे बटण दिसेल ते दाबायचं, मग तारांगणाचा शो, मधेच कुणाला तरी भूक लागते, आणि दोन-अडीच तासांनी पाय बोलायला लागले की बाहेर. मजा येते, नाही असं नाही. पण रात्री पोराला विचारलं काय काय बघितलंस तर "रॉकेट" एवढंच उत्तर येतं, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्या रॉकेटच्या शेजारीच कधी कधी अशी वस्तू ठेवलेली असते जी खरोखर पृथ्वीबाहेर जाऊन परत आलेली असते आणि तिच्याकडे कुणी मान वळवून बघितलेलंही नसतं. पोरांना घेऊन जाणारे आईबाप, वर्ग घेऊन जाणारे शिक्षक, एकटेच जाणारे, सगळ्यांना माझं सांगणं एकच आहे, सगळं बघू नका, थोडं बघा पण जवळ जाऊन बघा.

आधी वेळेचं बघू. तारांगणाचे शो ठरलेल्या वेळी असतात आणि एकदा अंधार केला की बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत, त्यामुळे आधी शोची वेळ पक्की करा आणि बाकी सगळं तिच्या मागेपुढे बसवा, उलटं नको. शक्यतो सुरुवातीलाच शो घ्या. जेवून लगेच गेलात तर अंधार, मागे कललेल्या खुर्च्या, एसीची गार हवा, मोठी माणसंसुद्धा घोरतात. दोन प्रकारचे शो असतील, एक तयार फिल्म आणि एक ज्यात कुणीतरी समोर उभं राहून आज रात्रीचं आकाश दाखवतं, तर डोळे झाकून दुसरा घ्या, कारण त्यात दाखवलेलं त्याच रात्री बाहेर अंगणात किंवा गच्चीवर जाऊन पडताळून बघता येतं. फिल्म चांगली असते पण फिल्म कुठेही बघता येते. शाळांच्या सहली सहसा सकाळी येतात, तेव्हा शांतपणे बघायचं असेल तर कामाच्या दिवशी दुपारनंतर जा. अगदी लहान मूल असेल, अंधार आणि मोठा आवाज सहन होत नसेल, तर शोमध्ये दाराजवळची खुर्ची घ्या म्हणजे उठून जाता येतं.

घरून निघण्याआधी केंद्राच्या वेबसाइटवर काय काय ठेवलंय ते बघा आणि त्यातल्या फक्त चार-पाच वस्तू निवडा. निवडताना मी असं बघतो, एक तरी वस्तू खरोखर वर जाऊन आलेली हवी, एक अशी हवी की जिच्यासमोर माणूस मुंगीएवढा वाटतो, एकीला हात लावता आला पाहिजे, आणि एक अशी की जिच्यात माणूस राहतो किंवा जी अंगावर घालतो. बाकीचं वाटेत दिसेल ते दिसेल. पोरांनाच निवडायला दिलंत तर अजून चांगलं, स्वतः निवडलेल्या वस्तूसमोर ती जास्त वेळ थांबतात.

निघण्याआधी घरी एक प्रयोग करून जा, पाच मिनिटांचं काम आहे. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ एक भोक पाडा, पाणी भरा, झाकण लावू नका. बाटली हातात धरली की भोकातून धार लागते. आता तीच बाटली उंचावरून सोडून द्या, खाली कुणी नाही ना ते बघून. पडत असताना धार थांबते. बाटली आणि पाणी दोघंही एकाच वेगाने पडतायत म्हणून पाणी बाटलीला ढकलत नाही, एवढंच. आता केंद्रात तरंगणाऱ्या अंतराळवीरांचा व्हिडिओ लागेल आणि आजूबाजूला कुणीतरी पोराला सांगत असेल की "वर गुरुत्वाकर्षण नसतं ना, म्हणून." ते चूक आहे. अंतराळ स्थानक साधारण ४०० किमी उंचीवर आहे आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं. स्थानक पडतंच आहे, फक्त ताशी सुमारे २८,००० किमी वेगाने आडवं जात असल्यामुळे पडता पडता पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून निसटत राहते. ज्या पोराने बाटली पडताना बघितली आहे त्याला हे एका वाक्यात कळतं, ज्याने नाही बघितली त्याला दहा मिनिटं समजावून पण नाही कळत.

आता आत गेल्यावर. प्रत्येक निवडलेल्या वस्तूसमोर दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, ही खरी आहे का. दुसरी, ही कुठली अडचण सोडवायला बनवली. दोनच, पण नीट विचारायच्या.

खरी आहे का याचं उत्तर हो किंवा नाही एवढं सोपं नसतं, आणि इथेच खरी मजा आहे. लेबल वाचा, मोठ्या अक्षरांतलं नाव नाही, खालची बारीक ओळ. तिथे लिहिलेलं असतं की ही उडून आलेली वस्तू आहे, की उडवायला बनवली पण उडालीच नाही, की चाचणीसाठी बनवलेली, की नुसती प्रतिकृती. न्यूयॉर्कला इंट्रेपिड म्युझियममध्ये एंटरप्राइज नावाचं स्पेस शटल आहे, अगदी खरं यान, पण ते अंतराळात कधीच गेलं नाही, हवेत सोडून उतरवण्याच्या चाचण्यांसाठी होतं. ह्यूस्टनला जो आडवा ठेवलेला सॅटर्न ५ आहे, म्हणजे अमेरिकेच्या अपोलो मोहिमांत माणसं चंद्राकडे नेणारं रॉकेट, त्याचे तिन्ही टप्पे खरोखर उडवायला बनवले होते, पुढच्या चांद्रमोहिमा रद्द झाल्या म्हणून ते जमिनीवरच राहिले. फ्रान्समध्ये तुलूझच्या सिते द लेस्पासमध्ये बाहेर उभं असलेलं एरियन ५ रॉकेट हे पूर्ण आकाराचं मॉडेल आहे. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या नॅशनल स्पेस सेंटरमध्ये, ते २००१ साली सुरू झालं, काचेसारख्या दिसणाऱ्या उंच मनोऱ्यात दोन रॉकेटं उभी आहेत, थॉर एबल आणि ब्लू स्ट्रीक, आणि मजल्यामजल्याने वर जात ती वेगवेगळ्या उंचीवरून बघता येतात. हा प्रकार मला फार आवडतो, कारण रॉकेट खालून बघितलं की नुसतं उंच वाटतं, मधल्या मजल्यावरून त्याच्या अंगाचे रिव्हेट्स, वायरींचे नळ, झडपा दिसायला लागतात.

प्रतिकृती दिसली की "अरे हे खोटंय" म्हणून पुढे जाऊ नका. स्पुटनिक १, म्हणजे पहिला कृत्रिम उपग्रह, ही ऑक्टोबर १९५७ मध्ये वर गेली आणि जानेवारी १९५८ मध्ये वातावरणात जळून संपली, मग खरी आणणार कुठून. व्हॉयेजर १ आणि २ ही दूरच्या ग्रहांकडे पाठवलेली यानं १९७७ साली निघाली ती परत येणारच नाहीत. जे परत येत नाही त्याची प्रतिकृतीच बघायला मिळणार. व्हॉयेजरची प्रतिकृती असेल तर तिच्या बाजूला लावलेली सोनेरी तबकडी शोधा, पोरांना सांगा की त्या तबकडीवर ५५ भाषांमध्ये नमस्कार आहेत आणि त्यात मराठी पण आहे, आणि केसरबाई केरकरांचा भैरवीतला आवाज पण आहे. हे ऐकल्यावर आजवर एकही मराठी माणूस त्या तबकडीसमोरून लगेच हललेला मी बघितलेला नाही.

जी वस्तू परत आलेली आहे तिला मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. म्हणजे कॅप्सूल, अंतराळवीर ज्यात बसून खाली उतरतात तो छोटा डबा. कुठल्याही केंद्रात खरी कॅप्सूल असेल तर बाकी सगळं सोडून आधी तिच्याकडे जा असंच मी म्हणेन. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये अपोलो १० ची आहे, अमेरिकेत कॅन्सस राज्यात हचिन्सनच्या कॉस्मोस्फियरमध्ये अपोलो १३ ची आहे, आणि दिल्लीच्या नेहरू तारांगणात राकेश शर्मा ज्यातून उतरले ती सोयुझ नावाच्या रशियन यानाची कॅप्सूल आहे.

ही दिल्लीची सोयुझ उदाहरण म्हणून घेऊ. पहिलं म्हणजे आकार. सोयुझच्या उतरणाऱ्या भागाचा व्यास जेमतेम २.२ मीटर असतो आणि त्यात तीन माणसं बसतात, बसतात म्हणजे गुडघे छातीशी घेऊन अर्धवट आडवी पडतात. पोराला बाजूला जमिनीवर तसंच गुडघे पोटाशी घेऊन बसायला सांगा, दोन मिनिटं, आणि मग सांगा की तीन माणसं अशी तासन् तास. मग बाहेरची बाजू बघा. करपलेली असते, पण सगळीकडे सारखी नाही, कुठे काळी, कुठे तपकिरी, कुठे पापुद्रे सुटल्यासारखी. कॅप्सूल खाली येताना हवेत थोडी कललेली असते, त्यामुळे आग सगळीकडून सारखी लागत नाही. मग बुडाकडे वाका. अपोलोच्या बुडाला हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारं कवच, दिसेल, सोयुझच्या बुडाला बऱ्याचदा ती दिसत नाही, कारण सोयुझ उतरता उतरता आपली हीट शील्ड खाली टाकून देते आणि तिच्यामागे लपलेली छोटी इंजिनं उघडी पडतात, ती जमिनीपासून मीटरभरापेक्षाही कमी उंचीवर असताना क्षणभर पेटतात म्हणजे आपटण्याचा जोर कमी होतो. ती इंजिनांची तोंडं शोधून काढणं हा पोरांसाठी मस्त खेळ आहे.

आणि लेबल वाचलंत तर एक गोष्ट खटकेल. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला गेले ते सोयुझ टी-११ मधून, आणि इथे लिहिलंय टी-१०. चूक नाहीये. स्थानकाला जोडलेली सोयुझ म्हणजे तिथल्या लोकांची संकटकाळी परत यायची गाडी, आणि ती अनंतकाळ वर ठेवता येत नाही, तिचं आयुष्य ठरलेलं असतं. म्हणून पाहुणे नवी गाडी घेऊन जायचे, ती तिथल्या मुक्कामी लोकांसाठी ठेवायचे आणि आधीपासून तिथे असलेली जुनी घेऊन परत यायचे. ११ एप्रिलला ते टी-१० मधून उतरले. एका आकड्यातून केवढी गोष्ट निघते बघा, म्हणून म्हणतो लेबल वाचा.

आता दुसरा प्रश्न, अडचण कुठली. कॅप्सूलचं बूड बोथट, जाड, बसकं का आहे? आपल्याला वाटतं की वेगाने हवेतून यायचं तर टोकदार पाहिजे, विमानासारखं, बाणासारखं. सुरुवातीला शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. मग १९५० च्या दशकात अमेरिकेत ज्युलियन अॅलन यांनी दाखवलं की टोकदार वस्तूला सगळी उष्णता चिकटते, पण बोथट वस्तूच्या पुढे हवेची एक जोरदार लाट तयार होते जी वस्तूपासून थोडी लांब उभी राहते, आणि बरीचशी उष्णता त्या हवेतच राहून बाजूने निघून जाते. उरलेल्या उष्णतेसाठी हीट शील्डचा थर असतो, तो स्वतः जळतो, झिजतो आणि जाताना उष्णता बरोबर घेऊन जातो. म्हणजे समोर जो करपलेला भाग दिसतोय तो नुकसान झालेला भाग नाही, तो आपलं काम करून गेलेला भाग आहे. पोरांना आधी विचारा की बूड कसं असायला हवं, चित्र काढायला लावा, मग दाखवा. आधी उत्तर सांगितलंत की मजा गेली.

शटलचा मार्ग वेगळा होता, त्याला परत परत उडायचं होतं, मग जळून जाणारं कवच चालणार नाही. म्हणून सिलिकाच्या टाइल्स, एका शटलवर २० हजारांहून जास्त, जवळपास प्रत्येकीचा आकार वेगळा आणि प्रत्येकीवर तिचा नंबर. कुठे टाइल हातात घ्यायला मिळाली तर नक्की घ्या, दगडासारखी दिसते आणि उचलली की काहीच वजन नाही, कारण तिच्यात ९० टक्क्यांहून जास्त नुसती जागा, हवा असते. काही केंद्रांत टाइल लाल होईपर्यंत तापवून लगेच कडांना धरून उघड्या हाताने उचलून दाखवतात, असा डेमो असेल तर वेळापत्रकात आधी तो शोधा.

रॉकेटकडे येऊ. फोटो काढा, सगळे काढतात, मग रॉकेटच्या टोकापासून बुडापर्यंत चालत जा. सॅटर्न ५ असेल तर ११० मीटरचा हा चालण्याचा रस्ता आहे आणि माणसं बसायची ती जागा सुरुवातीच्या काही पावलांतच संपते, पुढे सगळं इंधन, टाक्या आणि इंजिनं. सुटताना हे सगळं मिळून सुमारे २,९०० टन वजन असायचं आणि मोहिमेच्या शेवटी समुद्रात पडायची ती फक्त पाच-साडेपाच टनांची कॅप्सूल. बाकी सगळं वाटेत टाकून दिलेलं. रॉकेट एवढं मोठं का असतं याचं उत्तर चालता चालता पायांना कळतं: इंधन उचलायला इंधन लागतं आणि ते उचलायला अजून इंधन. टप्पे का पाडतात तेही मग वेगळं सांगावं लागत नाही, रिकामी टाकी कशाला वाहून न्यायची.

बुडाशी पोचलात की इंजिनाच्या घंटेच्या आत बघा, फक्त बाहेरून नको. एफ-१ इंजिन असेल, सॅटर्नच्या खाली अशी पाच असायची, तर घंटेच्या भिंतीवर उभ्या बारीक बारीक रेषा दिसतील. त्या नक्षीच्या रेषा नाहीत, त्या नळ्या आहेत. घंटेची भिंतच नळ्या एकमेकींना जोडून बनवलेली आहे आणि त्या नळ्यांमधून केरोसीन फिरवायचे, म्हणजे जे इंधन पुढच्या क्षणी जळणार तेच आधी भिंत गार ठेवायचं. आत जी आग असते तिच्यात धातू वितळला असता, तो वितळत नाही तो यामुळे. माझ्या मते पूर्ण रॉकेटमधली बघण्यासारखी सर्वात हुशार गोष्ट ही, आणि ती बघायला फक्त मान वर करायची असते. पाच इंजिनं मिळून सेकंदाला सुमारे १३ टन इंधन आणि द्रव ऑक्सिजन संपवायची, अडीच-पावणेतीन मिनिटांत पहिला टप्पा रिकामा.

तुमच्या जवळच्या केंद्रात एवढं मोठं काही नसेल आणि एखादं बारकं साउंडिंग रॉकेट (वर जाऊन हवेची मोजमापं घेऊन खाली येणारं) असेल तरी हिरमुसू नका. केरळात थुंबाला सेंट मेरी मॅग्डलीन चर्चच्या इमारतीत अंतराळ संग्रहालय आहे, तिथूनच भारताचं सगळं सुरू झालं, २१ नोव्हेंबर १९६३ ला नायके-अपाचे नावाचं एक छोटं रॉकेट तिथून सुटलं. ते उपग्रह सोडायला नव्हतंच, वरच्या हवेचा अभ्यास करायला होतं. छोट्या रॉकेटला पण तेच दोन प्रश्न विचारा. ते वर जाऊन लगेच खाली का येतं आणि मोठ्या रॉकेटने सोडलेला उपग्रह वरच का राहतो, हे पोराने विचारलं तर समजा की दिवस सार्थकी लागला, आणि उत्तर बाटलीवाल्या प्रयोगात आहेच, उंची नाही तर आडवा वेग.

अंतराळवीराचा सूट काचेच्या मागे असतो त्यामुळे लोक बघून न बघितल्यासारखं करतात. हातमोजे बघा. सगळ्यात अवघड भाग तोच. बाहेर हवा नाही म्हणजे सूटच्या आत हवा भरावी लागते, हवा भरली की तो फुगून ताठ होतो आणि मग बोटं मिटायलाच जोर लागतो, प्रत्येक वेळी. म्हणून आतला दाब जमिनीवरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांशच ठेवतात आणि त्या बदल्यात श्वासाला शुद्ध ऑक्सिजन देतात. १८ मार्च १९६५ ला अलेक्सेई लिओनोव्ह पहिल्यांदा यानाबाहेर पडले तेव्हा त्यांचा सूट एवढा फुगला की परत आत शिरता येईना, शेवटी त्यांनी सूटमधली हवा थोडी सोडून दिली तेव्हा कुठे आत जाता आलं. आत घालायचा बनियनसारखा कपडा दाखवला असेल तर त्यावर शिवलेल्या बारीक पाण्याच्या नळ्या शोधा. अंतराळ थंड असतं असं वाटतं ना, पण काम करणाऱ्या माणसाच्या अंगची उष्णता बाहेर जायला हवाच नसते, म्हणून सूटला गार करावं लागतं. काचेवरचा सोनेरी थर शोभेसाठी नाही, उन्हासाठी आहे.

हात लावायच्या वस्तूंमध्ये उल्का असतेच. लोखंडी उल्का उचलायला दिली तर दोन्ही हातांनी घ्या, तेवढ्याच आकाराच्या साध्या दगडापेक्षा कितीतरी जड असते. कापून घासलेली उल्का असेल तर तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी दिसते. ती जाळी लोखंड आणि निकेल लाखो वर्षं अतिशय हळू हळू गार होत गेल्यावरच बनते, कुठल्याही भट्टीत बनवता येत नाही. चंद्राचा दगड असेल तर तो सहसा नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत असतो, आपल्या हवेने आणि ओलाव्याने तो खराब होऊ नये म्हणून. अपोलोच्या सहा मोहिमांनी १९६९ ते १९७२ मध्ये सगळा मिळून ३८२ किलो माल आणला. ह्यूस्टन आणि वॉशिंग्टनसारख्या मोजक्या ठिकाणी एखाद्या तुकड्याला हात लावता येतो, इतकी बोटं फिरली आहेत की तो गुळगुळीत झालाय.

बटणांचे आणि फिरायचे प्रयोग, यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही, पोरं घालवतात आणि घालवू द्या. फक्त दोन ठिकाणी शेजारी उभं राहा. एक म्हणजे तुमचं वजन चंद्रावर किती, मंगळावर किती सांगणारे काटे. चंद्रावर सहावा भाग, मंगळावर साधारण ३८ टक्के, हे ठीक, पण गुरूवर अडीच पट दाखवतं तेव्हा सांगा की गुरूवर उभं राहायला जमीनच नाही. दुसरं म्हणजे ते मोठं गोल नरसाळं ज्यात नाणं सोडलं की गिरक्या घेत मधल्या भोकात जातं. ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात ते दाखवायला ते ठेवलेलं असतं आणि जवळ आल्यावर वेग वाढतो हे त्यात बरोबर दिसतं, पण नाणं आत पडतं ते घर्षणामुळे. ग्रहांना तसं घर्षण नाही म्हणून ते पडत नाहीत. हे नाही सांगितलं तर पोर घरी जाऊन विचारतं पृथ्वी सूर्यात कधी पडणार, आणि रात्री झोपत नाही.

एक प्रयोग केंद्रात बहुतेक वेळा मांडलेला नसतो, तो तुम्हीच करा. ३० सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल कुठे दिसला तर पोरांना विचारा चंद्र किती मोठा आणि किती लांब. सगळे हाताच्या अंतरावर दाखवतात कारण पुस्तकातल्या चित्रांत तसाच असतो. खरं उत्तर, चंद्र म्हणजे ८ सेंटीमीटरचा चेंडू आणि तो ९ मीटर लांब, बहुतेक दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला. एका पोराला तिथपर्यंत पाठवा. मग विचारा अंतराळ स्थानक कुठे. ते गोलाच्या पृष्ठभागापासून जेमतेम एक सेंटीमीटरवर. माणसं गेली पन्नासेक वर्षं जिथे राहतायत ते अंतर एवढंच, आणि चंद्रावर गेलेली माणसं कुठवर गेली होती ते त्या लांब उभ्या असलेल्या पोराकडे बघून कळतं. सूर्य विचारलाच तर ३३ मीटरचा गोळा, साडेतीन किलोमीटरवर.

तारांगणात सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला असतील तर मागच्या रांगांमध्ये मधोमध बसा, पुढे बसलात तर मान मोडते. फोन बंद म्हणजे खरंच बंद, खिशात पेटला तरी आजूबाजूच्यांचे अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा शून्यावर येतात. पहिलं आधुनिक तारांगण यंत्र १९२३ मध्ये म्युनिकला झाइस कंपनीने दाखवलं, तसं मधोमध उभं असलेलं मोठं यंत्र तुमच्याकडे अजून असेल तर शो संपल्यावर दिवे लागल्यावर जवळ जाऊन बघा. डिजिटल प्रोजेक्टरने मंगळावर उतरता येतं, शनीच्या कड्यांतून जाता येतं, पण तारे अगदी सुईच्या टोकाएवढे आणि लखलखीत मला तरी जुन्या यंत्रातच दिसतात.

तिथल्या कर्मचाऱ्यांशी बोला. "हे काय आहे" असं विचारलं तर लेबलवरचंच उत्तर मिळतं, त्यापेक्षा "तुमची इथली सगळ्यात आवडती वस्तू कुठली" असं विचारा. माणूस खुलतो, चार पावलं चालत तुम्हाला एखाद्या कोपऱ्यात घेऊन जातो आणि असं काही दाखवतो जे तुम्ही कधीच बघितलं नसतं.

अपघातांचं दालन असेल तर मुलं लहान आहेत म्हणून टाळू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लोरिडात केनेडी स्पेस सेंटरला अटलांटिस शटलच्या इमारतीतच चॅलेंजर आणि कोलंबिया यांचे तुकडे ठेवलेत, दोन्ही यानांचे सात-सात अंतराळवीर गेले, चॅलेंजर २८ जानेवारी १९८६ ला आणि कोलंबिया १ फेब्रुवारी २००३ ला, आपली कल्पना चावला त्यात होती. कारणं मुलांना कळतील अशी आहेत. एकात थंडीने रबराची कडी ताठ झाली आणि तिने गरम वायू अडवला नाही. दुसऱ्यात उड्डाणाच्या वेळी टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून पंखाच्या कडेला लागला आणि परत येताना त्या भोकातून आग आत शिरली. यान एवढं मोठं आणि कारण एवढंसं, हे मुलांना नीट सांगितलं तर ती घाबरत नाहीत, गंभीरपणे ऐकतात, आणि मग टाइल्सवर एक एक नंबर का असतो तेही त्यांना पटतं.

शिक्षकांसाठी एवढंच, पन्नास रिकाम्या जागा भरायचा कागद देऊ नका. पोरं वस्तू बघतच नाहीत, लेबलमधला शब्द शोधतात, एकाने शोधला की चाळीस जण उतरवतात. चार-चार जणांचे गट करा, एका गटाला एकच वस्तू, पंधरा मिनिटं तिच्यासमोर बसायचं, चित्र काढायचं, दोन प्रश्नांची उत्तरं शोधायची, आणि शेवटी सगळ्या वर्गाला घेऊन त्या गटानेच आपली वस्तू समजावून सांगायची.

घरी आल्यावर लगेच, त्याच आठवड्यात, स्थानक प्रत्यक्ष बघा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक नुसत्या डोळ्यांना दिसतं, दुर्बीण लागत नाही, शहरातून पण दिसतं. तुमच्या गावावरून कधी जाणार ते नासाच्या वेबसाइटवर किंवा एखाद्या अॅपवर मिळतं. सूर्य मावळल्यावर तास-दीड तासात किंवा उजाडायच्या आधी तेवढ्याच वेळात दिसतं, कारण तेव्हा आपण अंधारात असतो आणि ते एवढ्या उंचीवर अजून उन्हात असतं, स्वतःचा दिवा नाही, उन्हाने चमकतं. अॅपमध्ये उंची अंशांत दिलेली असते, ४० अंशांपेक्षा जास्त असेल असाच दिवस निवडा, नाहीतर इमारतींच्या मागूनच निघून जाईल. पाच मिनिटं आधी बाहेर जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभं राहा. एक पांढरा ठिपका येईल, बहुतेक ताऱ्यांपेक्षा तेजस्वी, लुकलुकणार नाही. लाल-हिरवे दिवे उघडझाप करत असतील तर ते विमान. चार ते सहा मिनिटांत ते पूर्वेकडे निघून जातं आणि कधी कधी आकाशाच्या मध्यावरच विझतं. ढग आला असं समजून आत जाऊ नका, ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. पोरांना आधी सांगू नका, का विझलं ते त्यांनाच ओळखू दे. साधारण ९० मिनिटांनी ते पूर्ण चक्कर मारून परत येतं, कधी कधी त्याच संध्याकाळी दुसऱ्यांदा दिसतं, तेव्हा यादीत एका तारखेला दोन वेळा दिल्या असतील तर दुसऱ्या वेळचाही गजर लावून ठेवा.